शंभर गाठी

चार वाजून दहा मिनिटांनी समुद्र मागे सरेल,
असं तक्त्यात छापलंय, आणि तो सरतो.
आमच्या हाती जेमतेम दोन तास.
ऑगस्ट आहे, म्हणजे इथे चिलीच्या किनाऱ्यावर ऐन हिवाळा.
बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात.

पांढऱ्या पाइपची चौकट, हातभर लांब, हातभर रुंद.
दहा दोरे उभे, दहा आडवे,
दोरा दोऱ्याला भेटतो तिथे एक गाठ.
गाठीखाली जे असेल ते लिहायचं.
आवडलं ते नाही, शेजारचं नाही,
गाठीखालचंच.
शिनाणे. शिनाणे. उघडा खडक. शिनाणे.
एक पोपटी शेवाळ, ज्याचं नाव मला अजून पाठ नाही.
शिसपेन्सिलीनंच लिहायचं,
शाई इथे लाटेला फितूर होते.

चौकट कुठे ठेवायची हेसुद्धा आपल्या मनावर नाही.
"डोळा लबाड असतो," एउलालिया म्हणते,
"भरल्या ताटाकडेच वळतो."
म्हणून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या,
आणि चिठ्ठी सांगेल तिथे गुडघे टेकायचे.

केउलेमोच्या या खडकाला साखळी बांधून तीन वर्षं झाली.
पाटी आहे: प्रयोग चालू, काही गोळा करू नये.
आत आम्ही, मोजणारे.
बाहेर क्लोदोमिरा पायलाफ,
रबरी बूट, लोखंडी आकडी, जाळीची रिकामी पिशवी.
चाळीस वर्षं तिनं याच कपारींतून लोको खरवडून काढले.
लोको म्हणजे मुठीएवढा शंख.
स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ वेडा,
पण ती म्हणते, नाव आमच्या भाषेतलं आहे,
वेडे नंतर जहाजातून आले.

"किती झाले माझे?" ती रोज विचारते.
खूप झाले, मी सांगते, मोजता मोजता पाठ मोडते.
ती खूश होते. मग: "आणि शिनाणे?"

शिनाणे संपत आले.
लोकोंनी खाल्ले, एकेक करून, घाई न करता.
काळी गादी होती तिथे आता बार्नकलचा खरखरीत चुना.
एउलालिया वाळूत बाण काढून दाखवते:
हा याला खातो, याला कोणी खात नसेल तर तो वाढतो,
तो वाढला की खालचा उरत नाही,
आणि खालच्याच्या आडोशाला राहणारे
पन्नास जण कुणाला न सांगता निघून जातात.

क्लोदोमिरा बाणांकडे बघत राहते.
"म्हणजे शिनाण्यांची राखण मी करत होते?
मला कुणी पगार नाही दिला."
हसते. खोकते. मग हसत नाही.
"मी आले नाही तर खडकाचं काय होतं, ते मोजलंत.
तीन हिवाळे मी काय खाल्लं,
ते कुठल्या गाठीखाली येतं?"

एउलालिया पाण्याकडे बघते.
पाणी परतायला लागलंय.

शेवटची चौकट साखळीबाहेरची, तुलनेसाठी.
चिठ्ठी निघते: सतरा, चार.
सतरा पावलं उत्तरेला, चार पाण्याकडे,
आणि तिथे, सपाट दगडावर, क्लोदोमिरा बसलेली.
"जरा सरकता का?"
"चिठ्ठीत मी आले ना? मग लिही."

मी गुडघे टेकते.
शिनाणे. शिनाणे. शेवाळ. एक चिमुकला खेकडा,
जो गाठीखालून सरकतो, मग मोजायचा की नाही?
शिनाणे. उघडा खडक.
एक्क्याण्णव: रबरी बूट.
ब्याण्णव: रबरी बूट, ठिगळ लावलेला.

एउलालिया संध्याकाळी त्या दोन ओळी गाळेल.
गाळायलाच हव्यात, मीही गाळल्या असत्या.
सध्या कागद खडकावर दगडाखाली वाळतोय,
आणि क्लोदोमिरा वाकून,
माझं अक्षर तिला लागत नाही तरी,
बोटानं गाठी मोजतेय.
पाणी तिच्या घोट्याशी आलंय.
तिला तक्ता लागत नाही.